साडेदहाची गोळी

आपल्या घरातील आजी किंवा आजोबा मालिका पाहता पाहता पडद्यावरच्या माणसाशी भांडताना आपण पाहिले असतील. ‘अगं, नको जाऊस त्याच्याबरोबर’ असे एखाद्या नायिकेला बजावणे, खलनायकाला मनापासून शिव्या घालणे आणि दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना त्याच खलनायकाची बाजू घेणे, हे घरोघरी चालते. आपण हसतो. ‘आई, मालिका आहे ती, खरी का आहे?’ असे म्हणतो. मीही म्हणत असे; आणि डॉक्टर असल्यामुळे जरा जास्तच अधिकाराने म्हणत असे. त्या अधिकाराने केलेली एक चूक आज आपल्यापुढे मांडणार आहे. ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्यांनी लिहायला संमती दिली आहे. तरीही ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आमचे सोनगीर मुंबई-आग्रा महामार्गावर, धुळ्यापासून सुमारे २० किलोमीटरवर आहे. वर डोंगरावर किल्ला, खाली गाव, आणि गावाची ओळख तांब्या-पितळेच्या भांड्यांची. भांडी ठोकण्याच्या आवाजात ज्यांचे आयुष्य गेले अशी कितीतरी वृद्ध माणसे माझ्याकडे येतात. त्यांचे गुडघे आणि साखर आपल्या कोणाच्याही घरातल्यासारखीच असते, पण कान मात्र वेगळे. वर्षानुवर्षे हातोड्याच्या आवाजात बसल्याने आतल्या कानातील नाजूक पेशी झिजतात, त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी बारीक, उंच आवाज जातात. माणसाला बोलणे ऐकू येते, पण शब्द कळत नाहीत. मग टीव्हीचा आवाज वाढतो, आणि घरात भांडण सुरू होते. हे सांगण्याचे कारण पुढे येईल.

२०१९च्या पावसाळ्यात एक सून आपल्या सासूबाईंना घेऊन दवाखान्यात आली. सासूबाई सत्तरी ओलांडलेल्या, तांबटाच्या घरातल्या, पती जाऊन बरीच वर्षे झालेली. घरात आणि आळीत त्यांना जिजी म्हणतात, मीही तेच म्हणते. रक्तदाब १६८/९६. सुनेने तक्रारींचा पाढाच वाचला. जिजी रात्री अकरापर्यंत झोपत नाहीत, टीव्हीचा आवाज सगळ्या आळीला ऐकू जातो, दहावीतल्या नातीचा अभ्यास होत नाही. त्या अण्णा नाईकाला शिव्या घालतात, शेवंतेसाठी रडतात, आणि रात्रभर कूस बदलत राहतात. ‘बाई, तुम्हीच सांगा त्यांना,’ ती म्हणाली.

मी सांगितले. थोडे खडसावूनच सांगितले. रात्रीची मालिका बंद. जिजींनी माझ्याकडे नुसते पाहिले आणि पदर डोक्यावर ओढून घेतला.

ज्यांनी ‘रात्रीस खेळ चाले’ पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. झी मराठीवर ही मालिका २०१६च्या फेब्रुवारीत सुरू झाली. कोकणातले नाईकांचे घर. पहिल्याच भागात घरचे कर्ते अण्णा मरतात आणि त्यांच्या मृत्यूनंतर घरात गूढ गोष्टी घडू लागतात. म्हणजे पहिल्या पर्वात अण्णा जवळजवळ नव्हतेच. होती ती त्यांची आठवण, त्यांचा धाक. मालिका अंधश्रद्धा पसरवते म्हणून सिंधुदुर्गातून विरोधही झाला होता, आणि खरे सांगायचे तर माझाही कल त्या विरोधाकडेच होता. ज्या भागात तापाने फणफणलेले मूल आधी भगताकडे आणि मग डॉक्टरकडे येते, तिथे भुताखेतांची आणखी भर कशाला, असे मला वाटे.

मग २०१९च्या जानेवारीत दुसरे पर्व आले आणि त्यांनी काळ मागे नेला. मेलेले अण्णा जिवंत झाले, म्हणजे ते हयात असतानाची कथा सुरू झाली. माधव अभ्यंकरांनी उभा केलेला हा माणूस लोभी, बाईलवेडा, प्रसंगी जीव घेणारा. पाटणकरांची बायको शेवंता, म्हणजे अपूर्वा नेमळेकर, हिच्याशी त्याचे संबंध. घरात माई सगळे पाहते, सोसते. इतक्या वाईट माणसाचा प्रेक्षकांनी तिरस्कार करायला हवा होता. केलाही. पण वर्षभरात तोच अण्णा महाराष्ट्राचा लाडका झाला. त्याच्या आणि शेवंतेच्या जोडीवर विनोद झाले, लोक त्याच्या लकबींची नक्कल करू लागले. माझ्या दवाखान्यातल्या बाकावर बसलेल्या बायका ‘मेला एकदाचा मरत का नाही’ असेही म्हणत आणि ‘आज अण्णा फार दिसले नाहीत’ अशी हळहळही व्यक्त करीत. आणखी एक नवल म्हणजे ही सगळी माणसे बोलत मालवणी, आणि ऐकणाऱ्या आमच्या बायका अहिराणी. दोन्ही बोलींत केवढे अंतर! पण एकही बाई म्हणाली नाही की कळत नाही. घरात बोलली जाणारी भाषा टीव्हीवर ऐकली की दुसऱ्याच्या घरातली असली तरी आपली वाटत असावी. (आमच्या अहिराणीला असे मानाचे साडेदहाचे स्थान कधी मिळणार, ही माझी जुनी कुरकुर आहे. खानदेशी विनोदी व्हिडिओंवर आम्ही किती दिवस भागवायचे?)

तर, जिजींची मालिका मी बंद केली. दोन आठवड्यांनी त्या तपासायला आल्या तेव्हा रक्तदाब १७०/९८. कमी नाही, उलट दोन आकडे वरच. वजन दीड किलो घटलेले. विचारलेल्या प्रश्नाला ‘हा’ किंवा ‘नही’, बाकी काही नाही. सून म्हणाली, आता आठ वाजताच पडून राहतात, नीट जेवत नाहीत, कोणाशी बोलत नाहीत.

तेव्हा मी पहिल्याच दिवशी करायला हवे होते ते केले. गोळ्यांची पाकिटे आणायला सांगितली. महिन्याच्या गोळ्यांची पट्टी दोन महिने चाललेली होती. जिजी रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेत होत्या. मुलाचे काम त्या वर्षी मंदावले होते, औषधाला पैसे मागायचा त्यांना संकोच वाटत होता, आणि ‘माले काही व्हत नही’ अशी त्यांची खात्री होती. रक्तदाब वाढल्याचे कारण अण्णा नाईक नव्हता. कारण त्या अर्ध्या रिकाम्या पाकिटात होते, आणि मी ते न पाहताच निकाल देऊन मोकळी झाले होते.

वाचकहो, भीतीने किंवा रागाने रक्तदाब वाढतो हे खरे आहे. थरारक प्रसंगात शरीरात अॅड्रिनलिन सुटते, नाडी जलद होते, वरचा आकडा काही काळ चढतो. पण प्रसंग संपला, माणूस शांत बसला की तो खाली येतो. म्हणूनच रक्तदाब मोजण्याआधी पाच मिनिटे स्वस्थ बसवावे असे आम्ही सांगतो. रात्री साडेदहाच्या मालिकेमुळे सकाळी अकराला दवाखान्यात १६८ येत नाही. ज्यांना नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, ज्यांची छाती श्रमाने दुखते, त्यांची गोष्ट निराळी. त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच अशा मालिका पाहाव्यात. बाकीच्यांच्या बाबतीत आधी गोळ्या मोजाव्यात, मग मालिकेला दोष द्यावा.

मी जिजींना मालिका परत दिली. ‘दिली’ हा शब्द लिहिताना आज मला माझीच लाज वाटते. सोबत एक अट घातली. मालिकेचे शीर्षकसंगीत सुरू झाले की गोळी तोंडात, मगच अण्णा. गोळी दुपारी किंवा सकाळी घेतली तरी चालली असती. २०२२ साली ब्रिटनमधल्या २१ हजारांहून अधिक रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात रक्तदाबाची गोळी सकाळी घ्या की रात्री, हृदयविकार आणि पक्षाघात टाळण्याच्या बाबतीत फरक दिसला नाही. वेळ कोणतीही असो, चुकता कामा नये. फक्त लघवी वाढवणारी गोळी असेल तर ती सकाळीच घ्यावी, नाहीतर रात्री अंधारात उठताना पडण्याचा धोका असतो. जिजींची गोळी अॅम्लोडिपिनची होती, रात्री चालणारी. शिवाय त्यांना धुळ्याला पाठवून कान तपासून घेतले. दोन्ही कानांनी ऐकणे बरेच कमी झाले होते. एका कानाला यंत्र बसले आणि टीव्हीचा आवाज निम्म्यावर आला. सुनेची मुख्य तक्रार तीच तर होती! दीड महिन्यानंतर रक्तदाब १३८/८४.

पण मला जे सांगायचे आहे ते या आकड्यांत नाही.

त्या हिवाळ्यात एकदा दुपारी दवाखाना रिकामा असताना मी जिजींना सहज विचारले, ‘जिजी, इतक्या वाईट माणसाचं तुम्ही पाहता तरी काय?’ त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘डाक्टरबाई, फोटोमाधला मानूस बठास्ले चांगलाच दिखस. जित्ता व्हता तव्हय कसा व्हता, ते फक्त माले माहीत.’

मग त्यांनी थोडे सांगितले, सगळे नाही. त्यांच्या पतीचा फोटो बैठकीत आहे, त्याला चंदनाचा हार आहे. मुलांना वडील आठवतात ते शेवटच्या आजारपणातले, मऊ झालेले, नातीला मांडीवर घेणारे. त्याआधीची वीस वर्षे कशी होती हे मुलांना ठाऊक नाही, आणि जिजींनी कधी सांगितले नाही. दुसऱ्या गावी कोणी होती. घरात पैसा येत नसे. आणि तरीही, हे त्यांनी दोनदा सांगितले, तो माणूस भांड्याच्या तळाला हात लावून त्याची जाडी सांगत असे, आणि हसायला लागला की सगळे घर हसत असे. ‘वाईट शे म्हनीसन द्वेष करता येत नही, आनि माया शे म्हनीसन माफ करता येत नही.’

आता पुन्हा त्या मालिकेकडे पाहा. आधी मेलेला माणूस दाखवला, भिंतीवरचा, सगळ्यांना धाकात ठेवणारा. आणि मग तीन वर्षांनी तो जिवंत कसा होता ते दाखवले. माझ्यासारख्या प्रेक्षकाला ती लेखकाची हुशारी वाटली. पण विधवेला नवरा असाच तर माहीत असतो. घरच्यांना पहिले पर्व ठाऊक असते. दुसरे फक्त तिने पाहिलेले असते. जिजी अण्णाला शिव्या घालत होत्या तेव्हा त्या नेमक्या कोणाला घालत होत्या, आणि शेवंतेसाठी रडत होत्या तेव्हा कोणासाठी, हे मी विचारले नाही. विचारू नये. ते बोलण्याची त्यांना आजवर एकच जागा मिळाली होती, आणि ती मी माझ्या पॅडवर लिहून बंद केली होती.

हे एका बाईपुरते नाही. पडद्यावरच्या माणसांशी जडणाऱ्या एकतर्फी नात्यावर डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९५६ सालीच लिहिले होते, टीव्ही नवा असताना. ते दुरून जडलेल्या जवळिकीबद्दल बोलत होते. आणि पात्राच्या नशिबावरून भांडण तर त्याहून जुने. शेरलॉक होम्सला त्याच्या लेखकाने १८९३ साली मारून टाकले तेव्हा वाचकांनी एवढा संताप केला की काही वर्षांनी लेखकाला त्याला परत आणावे लागले. तो लेखक, आर्थर कॉनन डॉइल, स्वतः डॉक्टर होता. रोग्याच्या नातेवाइकांना तोंड देणे त्याला जमत असावे, वाचकांना देणे जमले नाही. आपल्याकडे तर ताजीच गोष्ट आहे. ‘सीआयडी’मध्ये १९९८पासून एसीपी प्रद्युम्न उभे करणारे आपले शिवाजी साटम, २०२५च्या एप्रिलमध्ये त्या पात्राचा मृत्यू दाखवला तेव्हा केवढा गदारोळ झाला. माझ्याकडे येणारे एक निवृत्त कंडक्टर त्या आठवड्यात मधुमेहाची तपासणी सोडून मला विचारत होते, ‘बाई, असं कसं करू शकतात?’ काही आठवड्यांनी प्रद्युम्न परतले आणि आजोबांची साखर, योगायोगाने, बरी आली. योगायोगानेच, नाहीतर आपण लगेच उपाय म्हणून घ्याल.

साथीच्या काळात, २०२०च्या मार्चमध्ये चित्रीकरण थांबले आणि जुने भाग पुन्हा दाखवले जाऊ लागले. त्या उन्हाळ्यात मला फोनवर तापाइतकेच अण्णांबद्दल विचारले जाई. गंमत अशी की अण्णा मरणार हे २०१६पासून सगळ्यांना माहीत होते. शेवट ठाऊक असलेली गोष्ट लोक एवढ्या आतुरतेने का पाहतात, असे मी जिजींना फोनवर विचारले. त्या म्हणाल्या, शेवट सगळ्यांचा ठाऊकच असतो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने हे इतक्या सहज म्हटल्यावर मला पुढे बोलता आले नाही.

ऑगस्टअखेर दुसरे पर्व संपले आणि त्याच वेळेला ‘देवमाणूस’ आली. ही मालिका माझ्या व्यवसायावरच होती. खेड्यात येऊन बसलेला, गावाने देव मानलेला एक डॉक्टर. तो डॉक्टर नाहीच, आणि माणसे मारतो. साताऱ्याजवळच्या वाई परिसरात २०१६ साली उघडकीस आलेल्या प्रकरणावरून ती सुचली होती. किरण गायकवाड यांनी रंगवलेला हा डॉक्टर सगळ्या गावाला गोड बोलतो. त्याचे खरे रूप प्रेक्षकाला दिसते, गावाला दिसत नाही. सरू आजीच्या तिखट म्हणींवर माझे रुग्ण खूश, आणि ‘पोलिसांना एवढं कसं कळत नाही’ म्हणून चिडलेले. दवाखान्यात आल्यावर ‘बाई, तुम्हीसुद्धा देवमाणूस’ असे म्हणून आधी हसायचे आणि मग इंजेक्शनसाठी हात पुढे करायचे.

एक दिवस मधुमेहामुळे पायाला जखम झालेले एक आजोबा हात पुढे करीनात. म्हणाले, ‘बाई, राग नको, पण तुमचं सर्टिफिकेट कुठं शे?’

मला राग आला. इतकी वर्षे मी याच खुर्चीवर बसते आहे. या माणसाच्या दोन मुलींची बाळंतपणे झाली तेव्हा मी तिथे होते. मी काहीतरी कोरडे बोलले. रात्री मात्र ते मनातून जाईना, कारण आजोबांचे चुकले काहीच नव्हते. डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात ठळक दिसेल असा लावावा आणि प्रत्येक चिठ्ठीवर लिहावा हा नियम २००२पासूनचा आहे. माझ्या चिठ्ठीवर तो होता, पण मुंगीच्या अक्षरात. प्रमाणपत्र भिंत रंगवताना उतरवले होते ते कपाटात पडले होते. दुसऱ्या दिवशी मी ते काढले, पुसले आणि बाकाच्या समोर टांगले. आणि पुढच्या खेपेला आजोबांकडून जे कळले त्याने मी गारच पडले. आधीची दोन वर्षे ते दुसऱ्या एका गावी, कसलीही पदवी नसलेल्या माणसाकडून महिन्याला एक सलाइन ‘ताकदीसाठी’ लावून घेत होते. त्याला त्यांनी कधी काही विचारले नव्हते. विचारायचे असते हे त्यांना मालिकेने शिकवले, आणि माझ्यावर त्याचा पहिला प्रयोग झाला. भोंदू डॉक्टरांविषयी मी गावात किती भाषणे दिली आहेत! आपणही विचारा. नोंदणी क्रमांक विचारल्यावर जो डॉक्टर चिडतो तो खोटाच असतो असे नाही, कदाचित माझ्यासारखा मानी असेल. पण क्रमांक मात्र मिळालाच पाहिजे.

आता सांभाळणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जरा गंभीर.

‘रात्रीस खेळ चाले’चे तिसरे पर्व २०२१ साली आले. काही महिन्यांनी जिजींच्या सुनेचा घाबरलेल्या आवाजात फोन आला. ती स्वतः आता मालिका पाहत नव्हती. ‘बाई, जिजींचं काहीतरी बिघडलंय. म्हणतात, हाई शेवंता ती नही शे, तिले कोन्ही बदली टाकं. रोज तेच.’ माझ्या पोटात खड्डा पडला. ओळखीच्या माणसाच्या जागी हुबेहूब दुसरेच कोणी आणून बसवले आहे, असे वाटणे हे स्मृतिभ्रंशाचे एक लक्षण असू शकते. मी दुसऱ्या दिवशी बोलावले, कोणत्या तपासण्या करायच्या याची यादी मनात तयार केली. माझ्याकडे काम करणारी मुलगी हे सगळे ऐकत होती. ती तोंडाला ओढणी लावून हसू लागली. शेवंता खरोखरच बदलली होती. अपूर्वा नेमळेकर यांनी मालिका सोडली होती आणि त्यांच्या जागी कृतिका तुळसकर आल्या होत्या. सगळे प्रेक्षक त्यावरून कुरकुरत होते. स्मृती शाबूत होती ती जिजींचीच. बातमी माहीत नव्हती ती आम्हा दोघींना.

त्या दिवसापासून मी वृद्ध रुग्णांना ‘काल काय झालं मालिकेत?’ असे मुद्दाम विचारते. कोण कोणाचा कोण, कोणाला काय ठाऊक आहे आणि कोणापासून काय लपवले आहे, अण्णा आधी कसा होता आणि आता का बदलला, हे सगळे नीट सांगणाऱ्या माणसाची बुद्धी बरेच काम करीत असते. रोज सांगणारे माणूस हळूहळू धागा सोडू लागले, पात्रांची सरमिसळ करू लागले, किंवा आवडीच्या मालिकेतून अकारण मन काढून घेऊ लागले, तर ते लक्षात ठेवा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला. ऐकू न येणे, मोतीबिंदू आणि उदासी यांमुळेही असे होते. तेही तपासायला हवे.

पडद्याशी भांडणे हे आजाराचे लक्षण नव्हे. मालिका संपल्यावर टीव्ही बंद करून, ‘बघू उद्या काय करतो मेला’ असे म्हणत झोपायला जाणाऱ्या माणसाला खरे-खोटे उत्तम कळते. काळजीचे आहे ते निराळे. माझ्या एका निवृत्त शिक्षक रुग्णांच्या पत्नीने सांगितले की ते बातम्या देणाऱ्या बाईसाठी चहा ठेवायला सांगतात, आणि ती बघते म्हणून टीव्हीसमोर सदरा बदलत नाहीत. टीव्ही बंद केल्यावरही ‘ती पाहुणी कुठे बसली आहे’ हा प्रश्न संपत नसे. स्मृतिभ्रंशात पडद्यावरची माणसे खोलीतच आहेत असा समज होतो, आणि वैद्यकशास्त्रात त्याची टीव्हीच्याच नावाने नोंद आहे. अशा वेळी वाद घालू नये. ‘कोणी नाहीये’ असे दहादा सांगून माणूस फक्त घाबरतो. ‘त्या गेल्या हो घरी’ म्हणावे, टीव्ही बंद करावा, पडद्यात प्रतिबिंब दिसत असेल तर त्यावर कापड टाकावे. संध्याकाळनंतर भुताखेतांच्या आणि मारामारीच्या मालिका लावू नयेत. भजन, जुनी गाणी चालतील. आणि हे चाळे एक-दोन दिवसांतच अचानक सुरू झाले असतील तर त्याला वय समजून घरी बसू नका. लघवीतला जंतुसंसर्ग, रक्तातले सोडियम कमी होणे, नव्याने सुरू झालेली झोपेची गोळी, अशा बऱ्या होणाऱ्या कारणांनीही वृद्ध माणूस भ्रमात जातो. त्याच दिवशी दाखवा. त्या सरांना आता औषधे सुरू आहेत. पाहुणी अजून येते, पण रोज नाही. त्यांच्या पत्नी एक कप जास्तीचा चहा ठेवतात आणि स्वतः पितात.

जिजी आता ऐंशीला टेकल्या आहेत. तिसरे पर्व केव्हाच संपले, आणि नव्या मालिकांतली माणसे त्यांना ‘धुयेल तांदूळ’ वाटतात. म्हणजे चकचकीत, बेचव. मागच्या महिन्यात तपासायला आल्या तेव्हा रक्तदाब १४२/८०, पट्टीतल्या गोळ्या हिशेबाला बरोबर. मी विचारले, ‘अण्णा नाहीत, मग गोळीची आठवण कशी राहते?’ सोबत आलेल्या नातीने, जी तेव्हा दहावीत होती आणि आता नर्सिंग शिकते आहे, पर्समधून मोबाइल काढून दाखवला. त्यात रात्री साडेदहाचा गजर लावला होता, आणि गजराला मालिकेचेच संगीत. ते वाजले की जिजी गोळी घेतात आणि मग दोघी थोडा वेळ बोलत बसतात. आजोबांबद्दल, नात म्हणाली. फोटोतल्या नव्हे, त्याआधीच्या.

जिजींनी तिला कोपराने ढोसले आणि मला म्हणाल्या, ‘बठंच नही सांगेल अजून.’